डंकनसाहेबांचं डोकं

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, कोळशाची भुकटी आणि किस्से. भुकटी निदान रोज झाडता तरी येते. कल्याणच्या आमच्या फुटबॉल टीमचे किस्से मात्र चार माणसं जमली की कुणीतरी काढतंच, आणि त्यात डंकनसाहेबांचे आधी. सगळे हसतात. मीही हसते, जरा उशिरा.

साहेब स्कॉटलंडचे. तिकडे एका कारखान्याच्या टीममधून खेळायचे. दोन हंगाम नाव गाजलं, मग लोक विसरले. इकडे येऊन इंजिन ड्रायव्हर झाले. माझा थोरला भाऊ आग्नेल त्यांच्याच इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन, आणि टीमचा गोलकीपर. कॉलेज संपवून मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले आणि त्याच्याच क्वार्टरमध्ये राहिले.

*

साहेबांनी पहिल्यांदा डोक्याने बॉल मारला तेव्हा मी कुंपणाशी उभी होते. तो आवाज ऐकून माझ्या हातातली छत्री पडली. लाकूड फोडल्यासारखा आवाज, आणि साहेब हसतायत!

शेजारी धर्मा होता, रूळ बदलणारा सांधेवाला, डोंबिवलीजवळच्या गावचा. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग मला म्हणाला, "बाय, मंग देवानं सायबाला पाय कनाला दिलं?"

*

मग साहेबांनी सगळ्यांना शिकवायचं ठरवलं. यार्डातल्या चिंचेला दोरीने बॉल टांगला आणि एकेकाला उडी मारायला लावली. चामड्याचा बॉल, त्यात पाऊस पडून गेलेला. भिजून धोंडा झाला होता. आग्नेलचं डोकं तीन दिवस ठणकलं.

धर्माने मात्र पागोटं न काढता दहा वेळा मारला आणि त्याला काहीच झालं नाही. साहेबांनी ते पागोटं मागून घेतलं, दाबून पाहिलं आणि परत दिलं. तिकडे आमच्या डोक्यावर असं काही असतं तर, असं काहीतरी पुटपुटले. पुढचं वाक्य त्यांना सापडेना. आम्ही थांबलो. ते चिंचेकडे बघत राहिले.

*

ठाण्याच्या मॅचला अर्धा वेळ संपून बाजू बदलल्या. साहेबांनी मैदानाच्या मध्यावर बॉल घेतला, तिघांना चुकवलं आणि डोक्याने असा गोल मारला की आग्नेलचा हातसुद्धा उठला नाही.

उठणार कसा? गोल आमच्यावरच होता.

ठाणेकर लोळून हसले. साहेब दोन्ही हात वर करून आमच्या पोरांकडे धावत आले. त्यांना मिठी मारायची होती, आणि पोरांनी ती मारू दिली.

*

त्यानंतर धर्माने एक युक्ती काढली. समोरच्या टीमच्या गोलामागे तो हिरवा बावटा घेऊन उभा राहायचा. बाजू बदलल्या की धर्मा मैदानाला वळसा घालून पलीकडे जायचा. जिकडे हिरवं, तिकडे साहेब.

एका मॅचला पंचाने हरकत घेतली, हे कुठल्या नियमात बसतं म्हणून. धर्मा शांतपणे म्हणाला, "रेल्वेचा नियम हाय सायेब. लाइन मोकळी असली का हिरवा दाखवाचा."

ती मॅच आम्ही जिंकलो. हा किस्सा सांगताना अजून लोक टाळ्या देतात.

*

पुढचा किस्सा आग्नेलने मला जेवताना सांगितला, तोही हसत.

दुपारची मालगाडी ठाण्याच्या खाडीअलीकडे सिग्नलला थांबली होती. सिग्नल पडला, लाइन मोकळी झाली, तरी गाडी हलेना. साहेब पुढे बघत बसलेले. आग्नेलने हाक मारली, तेव्हा त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "हाफटाइम झाला का?"

आग्नेलने स्वतःच गाडी काढली आणि पूल ओलांडला. गार्डला सांगितलं, वाफ कमी पडली होती.

माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, सिग्नल बंद असताना ते थांबलेच नाहीत तर?

"मी आहे ना," तो म्हणाला. साहेबांना इंजिनावरून उतरवलं तर रेल्वे त्यांना बोटीत बसवेल, आणि तिकडे त्यांचं कुणी उरलेलं नाही, असंही म्हणाला. त्या दिवसापासून आग्नेल ड्युटीवरून परत येईपर्यंत मला वही तपासता येत नसे.

*

हा शेवटचा मैदानावर कुणी सांगत नाही, कारण तो साहेब आणि आम्हा बहीणभावांपलीकडे कुणाला माहीत नाही.

एका रविवारी चर्चमधली मिसा आटोपून साहेब कागद घेऊन आमच्याकडे आले. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून लिहायचं मी. पत्र इंजिनखात्याच्या लोको सुपरिंटेंडंटना होतं. माझं डोकं आता भरवशाचं राहिलेलं नाही, मला इंजिनावरून उतरवावं, फायरमन चांगला आहे, त्याला दुसऱ्या ड्रायव्हरकडे द्यावं. एवढंच. त्यांनी सही केली आणि टपालात टाकायला माझ्याकडे दिलं.

ते गेल्यावर आग्नेलने पत्र माझ्या हातातून काढून चुलीत घातलं. पुढच्या रविवारपर्यंत त्यांना आठवणारही नाही, म्हणाला. मी दौत बंद करून ठेवली.

पुढच्या रविवारी साहेब आले. त्याच खुर्चीवर बसले आणि तेच पत्र सांगितलं, शब्द न् शब्द तोच. मी लिहिलं. तेही चुलीत गेलं, आणि तेव्हाही मी दौतच बंद केली.

तिसऱ्या रविवारी पुन्हा आले. मला पत्र पाठ झालं होतं. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मी लिहायला लागले. ते टाकाकडे बघत बसले. माझा टाक थांबला तसे जरा पुढे वाकले.

"खाली अजून एक ओळ घाला, मिस," ते म्हणाले. "आधीची दोन पत्रं पोचली नाहीत, त्याबद्दल या घरातल्या कुणाला दोष देऊ नये."