आठ दिवसांची खुर्ची

बियाण्याच्या कंपनीत माझ्या आईला एवढ्या वर्षांत कुणी साधं स्टूल दिलं नव्हतं. एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये ती आणि आणखी दहा-बारा बाया फरशीवर बसून मक्याचं बी निवडायच्या. किडका, फुटका, बुरशी धरलेला दाणा आईच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचा. मग कॅमेऱ्यानं दाणे पारखणारी मशीन आली आणि आईला खुर्ची मिळाली. खराब दाणा कसा असतो, हे मशीनला शिकवायला.

आठ दिवस ती मशीनशेजारी बसली. "इंजिनिअर मला इचारल्याबिगर बटन दाबत न्हाई," घरी येऊन सांगायची. तिचा चेहरा फुललेला असायचा आणि त्या फुललेल्या चेहऱ्याचीच मला चीड यायची.

"तू आपल्याच पोटावर पाय देऊन राह्यली," मी म्हणालो. तिनं मला वेड्यात काढलं.

नवव्या दिवशी आईसकट सगळ्या बायांना गेटवरूनच परत पाठवलं. साहेबानं बाहेर यायचेही कष्ट घेतले नाहीत, वॉचमनकडून निरोप दिला, आता कामावर यायचं नाही. बाया साहेबाला काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या आईला. "तुलाच लई हौस व्हती शिकवायची." त्यातल्या चौघी आमच्याच गल्लीतल्या, त्यांनी हळदीकुंकवाला बोलावणंही बंद केलं. साहेबाचा मला राग येतोच, त्या बायांचाही येतो, पण सगळ्यात जास्त आईचा येतो.

मृगाच्या तोंडावर साहेबाचा फोन आला. मशीन बुरशीचे दाणे चांगल्यात सोडत होती. "मावशींना एक दिवस पाठवा," तो म्हणाला, जसं काही झालंच नव्हतं.

"मशीनलाच विचारा," मी म्हणालो.

आईनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "पिशव्या भरल्या का? भरू नका. येते मी."

मी भडकलो. भोगू दे त्यांना, म्हणालो. जरा तरी मान ठेव स्वतःचा.

"त्यांचं काय जातंय," ती पदर खोचत म्हणाली. "पेरणाऱ्याचं वावर रिकामं राहील. गावाकडं धावड्याला आपलं वावर राह्यलं न्हाई का एका साली, असल्याच बियान्यापायी?"

मी तिला सोडायलाही गेलो नाही. मोटारसायकल दारात उभी होती. आई टेम्पोनं गेली.