नाव सांगून मागितलेलं पाणी

रफिकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्रम भरत होते. आठ दिवसांनी नळ आले होते, त्यामुळं मोबाइल वाजतोय तर वाजू दे म्हणून दोनदा उचललाच नाही. तिसऱ्यांदा उचलला तर त्यांची नसरीन रडत होती. "मावशी, अब्बा गेले..." पाणी ड्रममधून वाहून फाटकाबाहेर गेलं, पण मला नळ बंद करायचं सुचलं नाही. रफिकभाईंनी बघितलं असतं तर चांगलं झापलं असतं.

मुकुंदवाडीत घर-प्लॉटच्या व्यवहारांचं त्यांचं एका टेबलाचं ऑफिस होतं. मी दवाखान्यात नर्स, नवरा अकाली गेलेला, पदरात दोन मुली. भाड्याचं घर बघायला गेलं की सगळं जमायचं, मग आडनाव विचारायचे आणि एकदम त्यांचे पाहुणे राहायला येणार असायचे! तीनदा झालं तसं. जिथून कुणी ऊठ म्हणणार नाही असं स्वतःचं घर मला हवं होतं, बास.

पैठणच्या रस्त्याला एक प्लॉट मला भयंकर आवडला. कोपऱ्याचा, कडुलिंब असलेला. विकणारा म्हणे, रजिस्ट्री नंतर, आत्ता बॉन्ड पेपरवर लिहून देतो, आजच टोकन द्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय. मी पर्स उघडलीसुद्धा. आणि बरोबर आलेले रफिकभाई सात-बारा मागायचं सोडून शेजारी पाणी मागायला गेले! जिथं जातील तिथं आधी शेजारी पाणी मागायचं, ही त्यांची जुनी खोड. तिथल्या म्हातारीनं तांब्या पुढं करत विचारलं, "तुमी बी टोकन दिलं का बाबा? तुमी तिसरे." तोच प्लॉट आधी दोघांच्या गळ्यात मारून झाला होता. मी वाचले, पण चिडले मात्र रफिकभाईंवरच. वर्ष झालं हिंडतोय, तुम्हाला प्रत्येक घरात खोट कशी दिसते हो? ते शांतपणे म्हणाले, "चिडा ताई, पोटभर चिडा. फक्त सही करू नका."

मग पुंडलिकनगरातलं हे घर निघालं. खरेदीखत, वारसांच्या सह्या, सगळं त्यांनी दोनदा तपासलं होतं. मला काही ते आवडलं नाही. लहान, स्वयंपाकघर तर अंधारकोठडी. रफिकभाई नेहमीप्रमाणं शेजारच्या दारात. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले. "मी रफिक. ही आमची ताई," म्हणत त्यांनी माझं आडनावही खणखणीत आवाजात सांगितलं आणि मग म्हणाले, "जरा पाणी मिळंल का?" मी मान खाली घातली. तिथल्या काकू आत गेल्या... किती वेळ लागला कोण जाणे. दोन पेले घेऊन आल्या, आमच्यासमोर विसळले, भरले आणि म्हणाल्या, "बसा की. उभ्यानं पाणी पिऊ नये."

बाहेर आल्यावर रफिकभाई म्हणाले, "ताई, घ्या हे घर. अंधाराला बल्ब मिळतो."

"आणि बाकीच्या घरांचं काय? तिथं कुणी पाणी दिलं नाही?"

"कुठं नळ आले नव्हते, कुठं माठ फुटलेला," म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. मागं बसून मी रडत होते. ज्या घरांत खोट काढली म्हणून मी त्यांना बोलले होते, त्या घरांच्या शेजारून हा माणूस दोघांची नावं सांगून कोरड्या घशानं परत आला होता आणि मला कळूही दिलं नव्हतं.

चौदा वर्षं झाली. या दारातून मला कुणी ऊठ म्हटलं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा चाळिसावा दिवस झाला. दुसऱ्याच दिवशी आमच्या पलीकडचं विकाऊ घर बघायला एक नवरा-बायको आले. एजंट फोनवर भाव सांगत होता. बाई पोटुशी होती, उन्हानं लाल झालेली. नवरा माझ्या फाटकाशी आला, जरा घुटमळला.

"मावशी, आम्ही..." तो चाचरत नाव सांगायला लागला.

मी पेले विसळायला घेतले होते. म्हटलं, "नाव मागनं सांग रे बाबा. तिला आत घेऊन ये, आधी पाणी प्या."