दहा मोजायच्या आत चालणारा चाकू

आमच्या भावजींनी बांधलेली गाठ आजवर कुणालाही सोडवता आलेली नाही, आणि याचा त्यांना अभिमान आहे. न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी सव्वीस वर्षं काढली. निकाल लागलेल्या खटल्यांचे कागद गठ्ठ्यात रचायचे, वर-खाली पुठ्ठा लावायचा, फितीने बांधायचं आणि फडताळात ढकलायचं, एवढंच काम. एकदा त्यांचा एक गठ्ठा तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने गडगडत तळापर्यंत गेला. पुठ्ठा फाटला, खालचा शिपाई लंगडला, गाठ मात्र जिथल्या तिथे. ही हकीकत त्यांनी माझ्या ताईला पहिल्याच भेटीत सांगितली, आणि तरीही तिने लग्नाला होकार दिला. ताईला माणसं ओळखता येत नाहीत असं मी त्यानंतर बरीच वर्षं धरून चाललो होतो.

ताई इस्पितळात सिस्टर आहे. तिच्या वॉर्डात मोठमोठे सर्जनही चपला सरळ काढून ठेवतात. घरी मात्र तिच्या वाट्याला भावजी आले.

बावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी भावजींना सांगितलं की फडताळांतली धूळ पुरे झाली, आता जरा मोकळी हवा खा. दुसरा कुणी असता तर संध्याकाळी चार पावलं चालून आला असता. भावजींनी कयाक घेतली. कयाक म्हणजे एकाच माणसाने वर बसून वल्हवायची लांबोडकी प्लास्टिकची होडी. भावजींची नारिंगी आहे आणि साडेतीन मीटर लांब आहे. त्यांची बैठकीची खोली सव्वातीन मीटर. त्यामुळे होडीचं नाक स्वयंपाकघरात शिरलेलं असतं आणि ताई भाजी चिरायला बसली की तिच्या गुडघ्याला लागतं. या होडीतून समुद्रात जाऊन मासे धरायचे असा बेत होता. पहिल्या मोसमात त्यांनी समुद्रातून आणलेला माल मी डोळ्यांनी पाहिला आहे: बोटाएवढे दोन मासे, सोललेलं नाक आणि डाव्या पायाची एक चप्पल. चप्पल त्यांची नव्हती.

हे असंच सुखाने चाललं असतं, पण किनाऱ्यावर होड्या भाड्याने देणाऱ्या म्हाताऱ्याने एक दिवस ताईला, चहाचा कप हातात धरून, एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. नांगराचा दोर घोट्याला वेढला, लाट आली, होडी पालथी. जवळ दोर कापायला काही नव्हतं. माणूस चांगला होता, एवढं म्हणून म्हाताऱ्याने चहा संपवला.

घरी आल्यावर ताईने पर्स खाली ठेवायच्या आधी विचारलं, "दोर पायात अडकून होडी उलटली, तर काय कराल?"

"गाठ सोडवीन," भावजी म्हणाले.

"कुणी बांधलेली?"

भावजी उठून होडीचं नाक पंच्याने पुसू लागले.

मग ताईने अट घातली. आधी चाकू, मग समुद्र. तोही नुसता खिशात असून चालणार नाही. हात ओले, डोळे मिटलेले, हात एकच आणि ती दहा मोजायच्या आत ओला दोर तुटलेला हवा. जमलं नाही तर नारिंगी होडी म्हाताऱ्याला देऊन टाकायची आणि भावजींनी बागेतल्या बाकावर बसून मोकळी हवा खायची. त्या बागेत सेवानिवृत्त लोक एकमेकांना आपले रक्तदाबाचे आकडे सांगत बसतात. भावजींना समुद्रात बुडायची भीती नव्हती, पण त्या बाकाच्या नुसत्या नावाने त्यांचा चेहरा पडला.

त्यांनी ताबडतोब एक फाइल उघडली. वर लिहिलं: चाकू. आणि फितीने बांधली.

पहिला चाकू त्यांनी शिकारीच्या सामानाच्या दुकानातून आणला. तिथला दुकानदार म्हणजे दंडावर दंड चढवलेला गृहस्थ. त्याने चाकू काउंटरवर ठेवला आणि याने अस्वल सोलता येतं असं सांगितलं. भावजींनी नम्रपणे विचारलं की समुद्रात अस्वलं कितपत असतात. त्यावर दुकानदार म्हणाला की चाकू स्टेनलेस आहे, विषय संपला. गंज न धरण्याची हमी तो अशा आवाजात देत होता, जणू लोखंड त्याच्या ऐकण्यातलं आहे. भावजींनी कॅनमधून समुद्राचं पाणी आणलं, न्हाणीघरात बादली भरली आणि म्यानासकट चाकू तीत बुडवला. पाच दिवस घरातल्यांनी त्या बादलीला वळसा घालून आंघोळी केल्या. सहाव्या दिवशी चाकू म्यानातून निघेना. भावजींनी म्यान दाराच्या कडीत अडकवलं, दोन्ही हातांनी ओढलं, आणि चाकू निघाला तेव्हा ते मागच्या मागे जाऊन कयाकीत बसले. पात्यावर चहाच्या रंगाचे ठिपके पडले होते. ताईने एकदा पाहिलं आणि सांगितलं की वॉर्डातली स्टेनलेसची हत्यारंसुद्धा धुऊन कोरडी केली नाहीत तर डागाळतात, आणि हे तिला पहिल्या दिवशी विचारलं असतं तरी कळलं असतं. पण बायकोला विचारून मिळालेलं ज्ञान भावजी फाइलला लावत नाहीत.

त्याऐवजी ते फोनवरच्या एका मंडळात सामील झाले. मंडळाचं नाव खाऱ्या पाण्याचे शिलेदार. तिथे चारशे शिलेदार पोलादाच्या जातींवरून एकमेकांच्या अब्रूची लक्तरं काढत होते. सगळ्यात मोठ्या शिलेदाराकडे त्रेपन्न चाकू होते. प्रत्येकाचा फोटो त्याने मखमलीवर ठेवून काढला होता. भावजींनी त्याला विचारलं की आपण मासेमारीला कुठे जाता. तेव्हा कळलं की त्याच्या गावापासून समुद्र दोन दिवसांच्या प्रवासावर आहे आणि त्याला बोट लागते. त्याच्या त्रेपन्न पात्यांनी आजवर पार्सलच्या चिकटपट्ट्यांखेरीज काहीही कापलं नव्हतं. याच महापुरुषाच्या सल्ल्याने भावजींनी दुसरा चाकू मागवला. मिटणारा. त्यात चौदा अवजारं होती.

परीक्षा बैठकीच्या खोलीत झाली. भावजी कयाकीत डोळे मिटून बसले, हाताला साबण, घोट्याला ओला दोर. ताई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, नाडी मोजताना मोजते त्या सुरात, मोजू लागली. पाचाला भावजींचं नख तुटलं. दहाला त्यांनी स्क्रू पिळायचं अवजार उघडलं होतं. ताई तशीच मोजत राहिली. सतराला बाटली उघडायचा आकडा बाहेर आला.

"बाटली उघडा," ताई म्हणाली. "निदान शेवटचा घोट तरी सुखाने जाईल."

तिसरा चाकू टायटॅनियमचा. हा धातू मिठाला भीक घालत नाही, हे शिलेदारांनी सांगितलेलं एकमेव खरं निघालं. बादलीत महिनाभर राहून चाकू नवा तो नवाच. दोन्ही बाजूंना धार आणि टोक असं की नुसतं बघून टोचावं. परीक्षेत दोर चाराला तुटला. पाचाला भावजींची मांडी. त्यांनी डोळे उघडायच्या आत ताईने जखम धुतली होती. पट्टी बांधताना तिने पर्समधून आपली कात्री काढली. या कात्रीचं खालचं पातं लांब असतं आणि त्याचं नाक चपटं, बोथट. ते रोग्याची कातडी आणि पट्टी यांच्यामधून न टोचता सरकतं. ही कात्री तिच्या पर्समध्ये कायम असते.

"आम्ही रोज माणसाच्या अंगावरचं कापतो," ती म्हणाली. "टोकदार हत्यार घेऊन येणारीला मी वॉर्डात उभीसुद्धा करत नाही. तुम्हाला दोर कापायचाय. भोसकायचंय कुणाला?"

भावजींनी मांडीकडे बघत हे वाक्य लिहून घेतलं. फाइलमध्ये, पान एकशे बारा.

शेवटी चाकू मिळाला तो बंदराजवळच्या दोराच्या दुकानात. शिलेदारांपैकी एकालाही हे दुकान माहीत नव्हतं. तिथे एक जाडजूड बाई नायलॉनच्या वेटोळ्यांमध्ये बसून दिवसभर मच्छिमारांना दोर मापून देते. भावजींनी तिच्यापुढे पोलादाच्या जातींचं व्याख्यान सुरू केलं. दोरवालीने ते जांभई देत अर्धं ऐकलं, काउंटरखालून वीतभर लांबीचा पिवळ्या मुठीचा चाकू काढला, दोराचा तुकडा पुढे टाकला आणि म्हणाली, कापा. पातं आखूड, न मिटणारं, टोक चपटं, अर्धी धार करवतीसारखी दातेरी. ओला दोर एका हिसक्यात दोन झाला. म्यान प्लास्टिकचं, छातीवर लाइफ जॅकेटला लावायचं. मूठ दाबून ओढली की टक् करून चाकू बाहेर. गंजेल का, असं भावजींनी विचारलं. दोरवाली म्हणाली, घरी नेऊन गोड्या पाण्याने धुतला नाहीत तर गंजेल, तुमचे हात काही मोडलेले दिसत नाहीत. तीन महिने आणि एकशे चाळीस पानांचं संशोधन त्या बाईने दोन वाक्यांत आटोपलं.

परीक्षेत भावजी सहाला पास झाले. उजव्या हाताने. ताईने घड्याळ उतरवलं आणि जा म्हणाली.

रविवारी आम्ही तिघंही किनाऱ्यावर गेलो. होडीतून पडलेली वस्तू समुद्र परत देत नाही, म्हणून कयाकवाले एखाददुसरी वस्तू दोरीने होडीला बांधतात. वल्हं बांधतात, फार तर गळाची काठी. भावजींनी वल्हं, काठी, पक्कड, आमिषाचा डबा, पाण्याची बाटली, टोपी, चष्मा, पंचा, फोनची पिशवी, स्पंज आणि ती परकी चप्पल अशा अकरा वस्तू अकरा दोऱ्यांनी बांधल्या होत्या. चप्पल कशाला, असं मी विचारलं. तिचा मालक भेटला तर, असं ते म्हणाले. त्या सगळ्या जाळ्याच्या मधोमध ते बसले आणि गेले. लांबून ते निकाल लागलेल्या खटल्यासारखे दिसत होते.

दोन तासांनी परतताना, किनारा पंधरा हातांवर असताना, एक साधी, गुडघाभर उंचीची लाट होडीला आडवी लागली आणि होडी उलटली. पाणी कमरेएवढं होतं. उभं राहिलं की काम संपलं. मी हसलोही.

भावजी उभे राहिले नाहीत. डोकं वर आलं, श्वास घेतला, खाली गेलं. नारिंगी बूड डुलत होतं आणि अकरा दोऱ्या त्यांच्या हातापायांभोवती फिरत होत्या. ताई माझ्या शेजारी हलक्या आवाजात मोजत होती. डोकं पुन्हा वर आलं तेव्हा मला दिसलं की त्यांचा हात छातीवरच्या पिवळ्या मुठीवर आहे आणि ते ती ओढताहेत. मूठ येत नव्हती. सातपर्यंत ताई थांबली. मग ती कपड्यांसकट पाण्यात शिरली. मी तिच्यामागे धावलो आणि होडी उचलून धरली, एवढंच माझं कर्तृत्व. ताईने एका हाताने त्यांची मान वर धरली आणि दुसऱ्या हाताने कात्री चालवली. पहिली दोरी मानेपाशी होती.

वाळूत बसल्यावर भावजी बराच वेळ खोकत होते. ताईने त्यांची नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि मग लाइफ जॅकेटवरचं म्यान पाहिलं. चाकूची मूठ म्यानाला फितीने बांधलेली होती. दोन वेढे, आडवा फास, टोकं आत खोचलेली. सव्वीस वर्षं न सुटलेली गाठ.

"ही कधी बांधलीत?"

"आज सकाळी."

"का?"

"पडला असता," भावजी म्हणाले.

ताईच्या ओल्या कपड्यांमधून पाणी वाळूत गळत होतं आणि हातातली कात्री तशीच उघडी, ओली होती. कात्री न पुसता धरलेली ताई मी कधी पाहिली नव्हती. भावजींनीही नसावी, कारण ते त्या कात्रीकडे बघत राहिले. एवढ्यात होड्या भाड्याने देणारा म्हातारा आला, होडीभोवती एक फेरी मारली आणि नारिंगी रंग उन्हात टिकतो का, असं विचारू लागला. ताईने अट त्यालाही सांगून ठेवली होती, हे तेव्हा कळलं.

भावजींनी तिच्या हातातून कात्री घेतली. होडीशी जाऊन टोपीची दोरी कापली, चष्म्याची कापली, डब्याची, पंच्याची, फोनची. चपलेची दोरी ताईनेच आधी कापली होती आणि चप्पल एव्हाना पुन्हा समुद्राची झाली होती. वल्ह्याची तेवढी ठेवली. मग खाली बसून म्यानावरची फीत कापायला घेतली. तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. कात्री चांगली धारदार होती. वेळ भावजींना लागत होता. गाठ तुटली तेव्हा त्यांनी तिचे दोन तुकडे खिशात घातले. फाइलला लावणार असतील.

"म्हणजे होडी मी नेऊ?" म्हाताऱ्याने विचारलं.

ताईने ओलं घड्याळ कानाला लावून पाहिलं. ते चालू होतं.

"न्यायची कसली घाई आहे? आधी उलटी करून धरा," ती म्हणाली. "तिकडे, कमरेएवढ्या पाण्यात. आणि तुम्ही, उठा."

भावजी उठले. पुन्हा पाण्यात गेले, डोळे मिटून होडीच्या बुडाला टेकले, आणि ताईने स्वतः त्यांच्या घोट्याला दोर बांधला. किनाऱ्यावरचे चार लोक खाणं थांबवून बघायला आले. ती मोजू लागली. चाराला टक् असा आवाज झाला, सहाला दोराचं तुटकं टोक पाण्यावर तरंगत आलं. भावजींनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू यायला लागलं होतं, ते मला अजिबात आवडलं नाही. ताईला तर नाहीच.

"आता डाव्या हाताने," ती म्हणाली, आणि दुसरा दोर घ्यायला वाकली.