पिशव्या खाली ठेवणाऱ्या शालिनीताई

शालिनीताईंबरोबर भाजीला जायचं म्हणजे तास गेलाच समजायचा. दर दहा पावलांवर त्या दोन्ही पिशव्या फुटपाथवर ठेवायच्या, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायच्या आणि हातांनी बोलायला लागायच्या. जन्मापासून ठार बहिऱ्या; हात मोकळे नसले तर बोलणार कशा? विषय बहुतेक वेळा वांग्यांचा असावा, कारण बोट पिशवीतल्या वांग्यांकडे असे. मागचे लोक "आंटीजी, साइड!" म्हणून ओरडायचे. ते ऐकू मलाच यायचं, त्यामुळे लाजही मलाच वाटायची.

दिल्लीत, द्वारकेच्या आमच्या सोसायटीत त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहत. नवरा माधवकाका, तेही बहिरे, फरीदाबादच्या एका कारखान्यात फिटर. आमच्या सईला ऐकू येत नाही हे ती वर्षाची असताना कळलं, तेव्हा मी आणि माझा नवरा निखिल महिनाभर नुसते रडत होतो. शालिनीताईंना कळलं, तर बाई पेढे घेऊन आल्या! जवळच्या वहीत लिहिलं, "आमच्यातली आली. आनंद." मला इतका संताप आला की ते पेढे फ्रिजमध्ये वाळून गेले.

पण सई त्यांच्याकडे रमली. दोन महिन्यांत हातांनी दूध मागू लागली, चिमणी दाखवू लागली. बहिऱ्या लोकांत माणसाला हाताच्या खुणेचं नाव ठेवतात आणि ते त्यांच्यातल्याच कुणीतरी ठेवायचं असतं. शालिनीताईंनी गालाच्या खळीत बोट फिरवून सईचं नाव ठेवलं. बारसं आम्ही थाटात केलं होतं, पण स्वतःच्या नावाला पोर पहिल्यांदा हसली ती त्यांच्या घरात.

मग कानाच्या आत यंत्र बसवायचं ठरलं. शालिनीताईंनी वही पुढे केली. "सई मोडली नाही. दुरुस्ती काय?" मी म्हटलं, तिला बोलता येईल. त्यांनी बराच वेळ लिहिलं. "शाळेत माझे हात बांधायचे. बोल, बोल. बारा वर्षं. एक शब्द आला, पाणी. ऐकणाऱ्यांना फार घाई." हे शेवटचं वाक्य त्या आम्हा सगळ्यांबद्दल नेहमी लिहीत. पण त्या दिवशी ते मला झोंबलं. त्यांनी सवयीनं माझी हनुवटी धरली, आणि त्यांना ओठ नीट वाचता येतील अशा बेतानं मी म्हणाले, "मला माझी मुलगी तुमच्यासारखी व्हायला नकोय." त्यांनी हनुवटी सोडली.

ऑपरेशन झालं. थेरपिस्टबाईंनी बजावलं, "मॅडम, घर में इशारे बिल्कुल बंद. हाथ देखेगी तो सुनना नहीं सीखेगी." सगळेच थेरपिस्ट असं सांगत नाहीत हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र मी सईचे हात धरून ठेवायची. हो, मीच. आणि खाली जाऊन शालिनीताईंनाही सांगून आले. त्यांनी वाद घातला नाही. त्यानंतर लिफ्टमध्ये भेटल्या की सई त्यांना हातांनी काहीबाही सांगत सुटायची, आणि त्या दोन्ही पिशव्या घट्ट धरून उभ्या राहायच्या. खाली ठेवायच्या नाहीत. सईनं हळूहळू सांगणंच सोडलं.

यंत्र लागू पडलं, हे मला नाकारता येत नाही. ती पहिल्यांदा "आई" म्हणाली तेव्हा मी ओट्याजवळ खाली बसून रडले. आज अकरा वर्षांची आहे, मराठीत आणि हिंदीत सारखंच कडाकडा भांडते. पण अंघोळीला यंत्राचा कानामागचा, बाहेरचा भाग काढला की तिच्यामाझ्यात काहीच उरत नाही. मी दाराशी उभी राहून तोंड हलवत असते आणि ती वैतागून मान फिरवते. चुकलं का, हे मला सांगता येत नाही. बरोबर होतं, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही.

गेल्या हिवाळ्यात शालिनीताई न्यूमोनियानं गेल्या. आम्ही भेटायला गेलो तर घर त्यांच्या मित्रमंडळींनी भरलेलं, चहूकडे हात चाललेले, आणि आवाज फक्त फ्रिजचा आणि बांगड्यांचा. माधवकाकांनी सईला पाहिलं, जवळ ओढलं आणि भरल्या डोळ्यांनी तिला काहीतरी सांगायला लागले. खूप वेळ सांगत होते.

"आई, काका काय म्हणतायत?"

मला कळत नव्हतं. मी कधी शिकलेच नव्हते. बहिऱ्या माणसाशी आपण जसं मोठ्यानं बोलतो, तसे काका आता तेच पुन्हा सावकाश, हात मोठे करून सांगू लागले. सई माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मी जमिनीकडे.