बोटीतलं बी

ज्या बोटीत विकणारा माणूस स्वतः पाय ठेवत नाही, ती बोट घेऊ नये. हे ज्ञान मला बोट घेतल्यावर झालं.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मी गोंदिया शहरातला, कापडाच्या दुकानात अर्धी हिंदी अन् अर्धी मराठी बोलून वाढलेला. लग्नानंतर बोदलकशाच्या तलावाजवळ बायकोच्या गावी येऊन राहिलो. (घरजावई म्हणू नका. घर वेगळं होतं. भिंत तेवढी एक होती.) रविवारी तलावावर माणसं फिरायला येतात, त्यांना बोटीत बसवून फिरवायचं, असा माझा बेत. तो ऐकून सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, ठसकाच लागला.

"धान सोडून पान्यावर कोन जगते जी, जवाईबापू?"

"कोण?"

"बदक!"

तर ती जुनी फायबरची बोट आमच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली येऊन पडली. एके काळी पांढरी असावी. मधे छोटीशी केबिन. मी ऐटीत आत पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत खाली गेलो! केबिनची जमीन प्लायवूडची होती, ती कुजून पार चोथा झालेली. खाली काळं पाणी, आणि त्याला असा वास, की कुणीतरी आत बरेच दिवस एकटं राहिलंय. विकणारा आत का येत नव्हता ते कळलं. शेजारणींना मात्र दुसरंच कारण सुचलं. "कोनी बुडालं असंल हिच्यातून," त्या म्हणाल्या, आणि आपल्या पोरांना घरात बोलावून घेतलं.

मी तिरोड्याहून धनलाल मिस्त्री आणला. दारं-खिडक्या करणारा माणूस. त्यानं बोटीभोवती एक फेरी मारून पहिला प्रश्न विचारला, "कडी आतून लावू का बाहेरून?" पण हात चांगला होता. कुजलेली जमीन त्यानं कापून काढली. तिच्याखालचा फोम ओल्या पावासारखा निघाला.

"याच्या जागी काही हलकं भरा जी. नाही तं जमीन ढोलकीवानी वाजंल."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भुसा! धानाचा भुसा! राइस मिलच्या जिल्ह्यात राहून फोम विकत आणायचा? मी अंगणातूनच बायकोला हाक मारली.

"सुषमा, भुसा कुठं आहे गं?"

ती चुलीपुढून ओरडली, "सपरीत हाये! अन् कोपऱ्यातल्या दोन पोत्यांत बी हाये!"

सपरीतला, म्हणजे आमच्या पडवीतला, भुसा उघडा पसरलेला. कोपऱ्यातली दोन पोती मस्त तोंड शिवलेली, तयार. मी तीच घेतली. उचलेनात, म्हणून घासत आणली. मिस्त्रीनं रेझिनमध्ये हार्डनर टाकलेलं, ते घट्ट व्हायच्या आत काम उरकायचं होतं, त्यामुळे त्यानं मान वर केली नाही.

"कायले कण्हून राहिले जी?"

"भुसा दाबून भरलाय!" मी म्हणालो.

तळाशी ओल होती. दोन दिवस वाळू द्या, असं तो म्हणत होता. मी म्हटलं, बोट आहे, तिला पाण्याची सवय हवी! पोती आत, वर नवी प्लाय, वर रेझिनचा थर. कोपऱ्यात तेवढी बोटभर फट राहिली.

तिसऱ्या दिवशी मामाजी आले. मृग तोंडावर आला होता. सपरीत गेले आणि तसेच बाहेर आले, रिकाम्या हातांनी. त्यांच्याकडे उंदीर फार, म्हणून पेरणीचं बियाणं त्यांनी आमच्याकडे ठेवलं होतं. ते गेलं होतं.

"माह्या बापाच्या हातचं बी होतं," ते उंबऱ्यावर बसत म्हणाले. "जलमात बी इकत नाही आणलं मी. आता काय पेरू?"

मामाजींना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला खरंच भडभडून आलं. मग ते उठले, अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं बोलले, "ज्यानं नेलं त्यानं ऐका! ते बी जमिनीत जाईन, नाही तं चोराच्या पायाखालून उगवंल!"

"उगवंलच!" मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो. "त्या चोराचं वाटोळं होईल!"

आणि बोटीतून आवाज आला. टक्.

आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं. मोहाचं पानही हलत नव्हतं. पुन्हा, टक्.

"मिस्त्रीनं ठोकलेला खिळा असेल," मी म्हणालो. (बोटीत एकही खिळा नव्हता.)

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये अनवाणी उभा राहिलो. बाहेर सकाळचा गारवा, आणि पायाखालची जमीन गरम! ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी गरम. आंबूस वास सुटलेला. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं जमिनीला कान लावला आणि हळूच मागं सरकला.

"श्वास घेऊन राहिलं जी."

"कोण?"

"ते तुमी पाहा." आणि रंधा, करवत, सगळं टाकून गडी जो गेला तो तिरोड्यालाच थांबला!

त्यापुढे जमीन मधून फुगायला लागली. रोज थोडी. आतून कुणीतरी पाठ लावून उठू पाहतंय, तशी. शेजारणी आमच्या अंगणातून जाणं सोडून मागच्या बांधावरून जाऊ लागल्या. सुषमा म्हणाली, "अवो, ते बोट तलावात ढकलून द्या. जिची असंल ते घेऊन जाईन!" मी हसलो. हसताना माझे दात वाजत होते.

आठव्या दिवशी, दिवेलागणीला, मी धीर करून आत वाकलो. कोपऱ्यातल्या फटीतून बोटं बाहेर आली होती. पांढरी, बारीक, ओली, दहा-पंधरा. माझ्याकडेच वळलेली! मी मागं उडी मारली ती नेमकी फुगलेल्या जागी. कडाड्! माझा पाय गुडघ्यापर्यंत पुन्हा आत, आणि खाली काहीतरी गरम, मऊ, केसाळ.

"मामाजीऽऽ! धरलं मलेऽऽ!"

भिंतीपलीकडून मामाजी लोखंडी सब्बल घेऊन धावत आले. मला बगलेत धरून उपसलं, मग सब्बलीनं प्लाय उचकटली, आत हात घातला आणि मूठभर काहीतरी बाहेर काढून उजेडात धरलं. पांढरी मुळं, पिवळे कोंब. ते त्यांनी बोटांनी चोळून पाहिलं. मग पोत्याची शिवण पाहिली. स्वतःच्या हातची होती.

"जवाईबापू, हे तं धान होय!"

"पण सुषमाच म्हणाली," मी रडकुंडीला आलो. "भुसा सपरीत आहे, अन् पोत्यांत बी आहे!"

"बी!" सुषमा कपाळावर हात मारत किंचाळली. "बियाणं! मी सांगून राहिली का त्याले हात नोका लावू!"

"मला वाटलं, पोत्यांत बी! म्हणजे पोत्यांत पण!"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, पायाखालून उगवलेल्या धानाकडे पाहिलं. आपला शाप इतका तंतोतंत लागेल, असं त्यांनाही वाटलं नसावं. मग ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अर्धं बी कुजलं होतं. उरलेलं मोडांसकट त्यांनी पहाटेच शेतातल्या बांधीच्या चिखलात फेकलं, आणि फेकायला टोपली धरून त्यांच्यामागे मी होतो. परे, म्हणजे धानाची रोपं, उभे राहिले. रोवण्यालाही कंबर मोडून मीच होतो. चोराला सुट्टी नसते!

थंडीत बोट दुरुस्त होऊन एकदाची तलावावर गेली. (आत फोम घातला. मामाजींनी स्वतः दाबून पाहिला.) पहिल्या रविवारी गोंदियाचं एक कुटुंब आलं. बाईंनी काठावर बसलेल्या मामाजींना विचारलं, "बाबाजी, यात माणसं बसतात का?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, तंबाखूची चिमूट ओठात ठेवली आणि म्हणाले, "हो. माणसं बी बसतात."