चतुःसीमा न जुळणारं घर

फुजैराच्या तेल टर्मिनलवरचे माझे साहेब वेल्सचे. सगळी नोकरी आखातात काढली. आता निवृत्ती, आणि निवृत्तीबरोबर व्हिसाही खलास. पणजोबा जे शेत कसायचे, तिथलं घर विकायला निघालंय असं त्यांना कळलं. ते घेऊन तिथंच राहायचं त्यांनी ठरवलं. उन्हाळ्यात जाऊन पाहूनही आले. मला म्हणाले, "यल्ला," म्हणजे अरबीत 'चल', "तू शेतकऱ्याचा मुलगा. जुने कागद एकदा नजरेखालून घाल."

मला फार बरं वाटलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शाळेत असल्यापासून गल्लीतल्यांची खरेदीखतं मी वाचून दाखवायचो. वडील आधी चतुःसीमा वाचायला लावायचे. पूर्वेला कोण, पश्चिमेला काय. नाव नंतर.

त्याच सवयीने पणजोबांचा भाडेपट्टा वाचला. पूर्वेला ओढा, उत्तरेला चर्चची जमीन. मग चर्चच्या करासाठी काढलेला त्या गावचा जुना नकाशा इंटरनेटवर उघडला. ओढा पश्चिमेला होता. चर्चची जमीन कुठेच नव्हती. पुष्कळ शोधल्यावर डोंगरापलीकडच्या गावात त्याच नावाचं दुसरं शेत सापडलं. चारही बाजू जुळल्या. आजच्या नकाशात तिथं नुसती पाइनची लागवड आहे.

बायको म्हणाली, "तलाठी व्हायला आलात का इथं? गप्प बसा. सुखाने जाऊ द्या त्यांना."

"अगं, भलतंच घर घेतील."

"छप्पर आहे ना त्याला?"

तरी सकाळी मी दोन्ही नकाशे साहेबांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"त्या भिंतीला हात लावून मी रडलो होतो. तिथल्या बाईंनी मला चहा करून दिला."

"सॉरी, सर."

"खात्री आहे तुझी?"

मी हो म्हणालो.

दुपारी माझ्यासमोरच त्यांनी तिकडच्या एजंटला फोन लावला. "नाही, रद्द नाही. घेतोय." फोन ठेवून म्हणाले, "आता दुसरं कुठे शोधू? आणि हे माझ्या बहिणीला कळता कामा नये. तिने पडदे शिवायला घेतलेत."

जेवणाच्या सुट्टीत ते पूर्वी सगळ्यांना पणजोबांचं शेत सांगायचे. आता कुणी विचारलं तर म्हणतात, "चांगलं घर आहे." मी समोरच बसलेलो असतो. डबा संपवतो आणि उठतो.