आत्याच्या खाजणावरच्या खुंट्या

खाणीत सुरुंग उडायचा त्या दिवशी मला खुंट्यांशेजारी बसवत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं.

वडील ओव्हरसियर. नोकरीत असताना दूरच्या मुलखात त्यांनी भूकंपानंतरचं गाव पाहिलं होतं. खडकावरची घरं उभी होती, मऊ जमिनीवरची आडवी झाली होती. तेव्हापासून कुठली जमीन किती हलेल, हे आधी कळावं असा त्यांनी ध्यास घेतला. सुताराकडून लाकडी खुंट्या करून घेतल्या, सगळ्या एका उंचीच्या, जाडी मात्र वेगवेगळी. सपाट फरशीवर त्या उभ्या करायच्या. धक्का बसला की बारीक खुंटी आधी पडते. जितक्या जाड खुंटीपर्यंत पडल्या, तितका धक्का मोठा. भूकंपाची वाट कुठे बघत बसणार, म्हणून सुरुंग.

आमचं कोलशेतचं घर खडकावर होतं. खाणीत सुरुंग उडाला की तिथे फक्त सर्वांत बारीक खुंटी पडे. आता परीक्षा होती खाडीकाठच्या खाजणाची. ती भर घातलेली जमीन नवऱ्यामागे आत्याच्या वाट्याला आली होती, आणि तिथे तिला दगडी घर बांधायचं होतं. वडिलांच्या या धाकट्या बहिणीने आमच्या चुलीपुढे बरीच वर्षं काढली होती. दगडीच हवं, कारण झोपडीत गेली तर लोक म्हणतील, भावाने बाहेर काढली.

"तुझ्या बापाचे नवरदेव उभे राहिले का गं?" ती मला विचारी. "अक्षता टाकू का?"

सुरुंगाच्या सकाळी खरंच टाकल्या. जमिनीवर काही मांडलं, तर पूजा नको का? विधवेने कुंकू कसं वाहायचं, म्हणून आत्याने आईला पुढे केलं. "वहिनी, तुम्ही वाहा." आईने हळदकुंकू वाहिलं, गूळपाणी शिंपडलं. वडील तेव्हा खाणीवर होते.

दुपारी खाणीवर इशाऱ्याचं शिंग वाजलं, सुरुंग उडाला. माझ्या पायाखालची जमीन थुलथुलली. खुंटी एकही पडली नाही.

"बघ दादा!" वडील येताच आत्या म्हणाली. "तुझ्या खडकापेक्षा माझं खाजण बरं."

वडील गोंधळले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदही होता. मी खुंट्यांच्या बुडाशी बघत होते. तिथे मुंग्यांची रांग लागली होती. गूळ उन्हात वाळून खुंट्या फरशीला चिकटल्या होत्या.

"मुंग्या," मी म्हटलं.

वडिलांनी खुंटी ओढली, ती कट् करून सुटली. आत्या माझ्याकडे पाहत राहिली. "हिलाच बऱ्या दिसल्या," एवढंच बोलली.

फरशी धुऊन पुसून ठेवली. पुढच्या सुरुंगाला सर्वांत जाड खुंटी तेवढी उभी राहिली, बाकी सगळ्या पडल्या. वडील फरशीजवळ उकिडवे बसून राहिले. ते किती थकले आहेत, हे मला त्या दिवशी दिसलं.

"दगडी भिंती घालू नकोस," ते म्हणाले. "तुझ्याच अंगावर येतील."

"मग तुझ्याकडेच राहू म्हणतोस? वहिनींच्या चुलीपुढे?"

ते पडलेल्या खुंट्या गोळा करू लागले. खाडीकडून चिखलाचा वास येत होता. शेवटी आत्याच म्हणाली, "अंगावर पडलं तरी माणूस मरणार नाही, असं कशाचं बांधतात?"

कारवीच्या काठ्यांवर माती लिंपून कुडाचं घर झालं, वर गवताचं छप्पर. लोक जे म्हणायचे ते म्हणाले. वडील दर पावसाळ्याआधी स्वतः जाऊन कूड बघत.

उभी राहिलेली ती जाड खुंटी आत्याने मागून घेतली आणि फडताळावर उभी केली. अजून मी तिच्याकडे जाते. सुरुंग उडाला की भांडी वाजतात, कुडाची माती भुरभुरते. आत्या चुलीवरून मान वर करत नाही.

"पडली का गं?"

"नाही."

"बरं," म्हणते, आणि भाकरी उलटते.